ग्रीस लावलेली परात

रविवारी सकाळी गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभी राहणारी माणसं मला कधी शहाणी वाटली नाहीत. आमचे हे त्यांतलेच, म्हणून जरा जास्तच. आठवडाभर रेल्वेच्या कचेरीत मान मोडून काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरातला गळका नळ तसाच टाकून सिविल लाइंसमधल्या एका मोकळ्या मैदानावर जायचं. तिथे काय, तर दुसऱ्यांच्या गाड्यांची धडधड कान लावून ऐकायची. ‘‘अगं, शिकायला मिळतं,’’ म्हणायचे. इतकं शिकून आमचा नळ काही थांबला नाही, हे मी त्यांना दर रविवारी ऐकवत आले.

मंडळी होती मात्र बघण्यासारखी. फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले एक काका होते, या हिंदी मुलखात आपल्यातलेच, मराठी. त्यांच्या घरी पाहुण्यांना बसायला जागा नसे, पण पान्यांच्या संचाला काचेचं कपाट होतं. ओमतीच्या बाजारात सीट कव्हरचं दुकान असलेले एक भैया होते. जगातलं कुठलंही दुःख चांगल्या रेक्झिननं झाकता येतं, असा त्यांचा विश्वास. आणि एक दातांची डॉक्टर होती, आमच्या लेकीएवढी. सगळे तिला दीदी म्हणत. ती दिवसभर लोकांच्या दाढा उपटायची आणि रविवारी स्वतःच्या जीपचे नट. बाकी येणारे-जाणारे पुष्कळ, पण हे तीन खांब.

या लोकांची एक पद्धत होती. मैदानावर चहा आला की पहिला ग्लास कोणाला, हे ठरायचं फजितीवरून. आठवडाभरात ज्यानं आपल्या गाडीचं सगळ्यांत मोठं वाटोळं केलं असेल त्यानं ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि पहिला चहा घ्यायचा. नवे चकचकीत टायर, नवा रंग, नवे दिवे, हे कौतुक त्यानंतर. भैयांनी एकदा गाडीला इतके दिवे लावले की भर बाजारात बॅटरी बसली आणि दिवाळीसारखी सजलेली गाडी ढकलत न्यावी लागली. दीदीनं सायलेन्सर बदलला तर तिच्या कॉलनीतल्या उभ्या गाड्यांचे भोंगे तिच्या येण्यानंच वाजायला लागले. फोरमन काकांनी एक खडखड शोधायला चारही दारांचे पत्रे उघडले, सीट काढली, आणि शेवटी ती निघाली समोरच्या खणातल्या बडीशेपेच्या डबीची. हे किस्से हे घरी येऊन मला सांगत आणि हसून हसून त्यांना ठसका लागे.

मी शाळेत शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये कोणाची चूक निघाली तर ती आधी दुसऱ्याच्या कपाटात शोधली जाते. त्यामुळे आपण होऊन आपली फजिती मांडणारी माणसं ऐकली की मला वाटायचं, एक तर हे फार भोळे आहेत किंवा यांना काही कामधंदा नाही. तोंडानं मात्र मी नळाचीच आठवण करून द्यायची.

मागल्या वर्षी यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. नस आधीच फार दबलेली होती आणि पायावर परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधी स्पष्ट सांगितलं होतं. पाठीचं दुखणं गेलं, पण डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग तेवढा निर्जीव झाला. चिमटा काढला तरी कळेना. काठी आणि पायाला पट्टा लावून घरातल्या घरात चालता येऊ लागलं, तेवढंच. क्लच दाबणं तर दूरच राहिलं.

तोवर मला वाटे, मोठे आजार म्हणजे औषधं, फळं आणि भेटायला येणारे लोक. नंतर काय होतं ते कोणी सांगत नाही. यांना सगळ्याला मी लागू लागले. उठताना हाक, बसताना हाक, अंगणात ऊन घ्यायचं तर हाक. न्हाणीघरात जायचं असलं की दारात उभे राहून विचारायचे, ‘‘तू मोकळी आहेस का जरा?’’ आवाज इतका खाली की मला रडू यायचं आणि रडू येतं म्हणून राग यायचा. मग मी उगाच भांडी आपटायची. याआधी ते माझ्याशी रोज भांडायचे, त्या वर्षात एकदाही भांडले नाहीत. आमटीत मीठ नसलं तरी ‘‘छान आहे,’’ म्हणून खायचे. माणूस इतका गुणी झाला की भीती वाटते.

गाडी अंगणात कव्हर घालून उभी होती. जुनी, चौकोनी, हत्तीच्या रंगाची. मला गाडी येत नाही. लग्न झाल्यावर यांनी एकदा शिकवायला घेतली होती, पण संसार टिकावा म्हणून मी तो नाद सोडला. लेकीनं बंगलोरहून फोन केला, ‘‘बाबा, ऑटोमॅटिक घेऊया ना. डाव्या पायाला कामच नसतं.’’ तिनं मोबाइलवर चित्र पाठवलं. यांनी ते पाहिलंसुद्धा नाही. ‘‘आणि ही?’’ म्हणाले. लेक म्हणाली, ‘‘देऊन टाकू भंगारात.’’ तर हे शांतपणे म्हणाले, ‘‘मग मलाही दे तिच्यासोबत.’’ त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

ग्रुपवरचे निरोप त्यांनी वाचायचं सोडलं होतं. रोज सकाळी तिथे गुलाबाच्या फुलाखाली ‘सुप्रभात’ आणि त्याखाली झिजलेल्या ब्रेकचा फोटो यायचा, तो मीच पाहायची. मग एका रविवारी आमच्या गल्लीत धडधड ऐकू आली आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले. दीदी आली, हे मला न बघता कळलं. मागे भैया, मागे फोरमन काका.

तोपर्यंत जो आला तो पाय बघायला आला होता. पाय कसा आहे, फरक आहे का, अमक्या गावी एक वैद्य आहे. हे पांघरूण ओढून पडून राहायचे. त्या दिवशीही राहिले. काका आत आले, बसले नाहीत, खिडकीतून अंगणाकडे बघत म्हणाले, ‘‘काहून जी, गाडी झाकून ठेवली? टायर एका जागी बसून चपटे होऊन राहिले ना तुमचे!’’ पायाबद्दल चकार शब्द नाही. पांघरुणाच्या आतून आवाज आला, ‘‘हवा मी गेल्या महिन्यात भरून घेतली आहे.’’ काका म्हणाले, ‘‘कुठं भरली? मागचं डावं पाहा, बसलं.’’ आणि आमचे हे उठले. मला हाक न मारता, भिंतीला धरून, एकटे, टायर बघायला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या क्षणी मला त्या खुळ्या लोकांचे पाय धरावेसे वाटले.

त्यांनी येण्याआधीच सगळं ठरवलं होतं. गिअरच्या दांड्याला एक मूठ बसवायची. ती बोटांनी दाबली की तार ओढली जाणार आणि क्लचचं पॅडल आपोआप खाली जाणार. अशी सोय लोक करून घेतात, आरटीओत गाडी दाखवून रीतसर नोंद करावी लागते, ते कागद दीदी बघणार. काकांनी मूठ स्वतः घडवली. पहिली फार जड झाली, दुसरी हातातून निसटायची, तिसरी मऊ निघाली. भैयांनी तिला लगेच कातड्याचं कव्हर शिवलं. काकांनी गाडी नदीवर ग्वारीघाटाला नेऊन आणली, तिथल्या उतारावर उभी करून परत चढवली. दीदीनं बाजारातून फिरवली. सगळ्यांनी चालवून पाहिली आणि सगळ्यांचं एकमत झालं की लोण्यासारखी चालते.

मग यांचा दिवस आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मैदानावर सगळे कडेला उभे राहिले. यांनी गाडी सुरू केली, मूठ दाबली. ती अर्ध्यात अडली. गिअर किरकिर करून ओरडला, गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. पुन्हा तेच. भैया ओरडले, ‘‘जोर से, भाईसाब, जोर से!’’ यांनी दात ओठ खाऊन दाबली. कपाळावर घाम आला. गाडीनं आणखी एक उडी मारली आणि समोरच्या चहाच्या टेबलाजवळ येऊन थांबली. चहा देणारी बाई ग्लास टाकून बाजूला पळाली.

तिला काही झालं नाही. पण यांनी चावी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘विकून टाक. माझ्याच्यानं नाही होत.’’

यांना उतरवायला मी दार उघडलं आणि रोजच्यासारखा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला. पाय येईना. मी वाकून पाहिलं. बूट क्लचच्या पॅडलखाली शिरला होता, टाचेपर्यंत. हे मूठ दाबत होते आणि पॅडल यांच्याच पायावर बसत होतं. ते खाली जाणार कुठून? यांना कळत नव्हतं, कारण पायाला कळतच नाही. आणि बाकीचे सगळे डोळे लावून बसले होते मुठीकडे!

माझा तोल गेला. ‘‘इतके शहाणे जमलात,’’ मी ओरडले, ‘‘एकानं तरी खाली वाकून बघायचं होतं! तुम्ही सगळ्यांनी चालवली ती दोन धड पायांनी. तुमचा पाय जागेवर राहतो, कारण तो तुमचं ऐकतो. यांचा कुठे राहणार?’’

काका खाली बसले. बूट, पॅडल, माझा चेहरा असं बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘अरे देवा. आमच्या डोक्यातच नाही आलं.’’ दीदीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चहावाल्या बाईनं सवयीनं विचारलं, आज पहिला ग्लास कोणाला? काकांनी हात पुढे केला, ग्लास घेतला आणि तसाच धरून बसले. त्यात साय धरली तरी प्यायले नाहीत. त्यांच्या चुकीसाठी मी त्यांना तेव्हाच माफ केलं होतं, पण सांगायचं राहून गेलं.

मला वाटलं, कारण सापडलं म्हणजे झालं. हे घरी आल्यावर म्हणाले, ‘‘आज माझा पाय सापडला. उद्या कोणाचं लेकरू सापडेल. ती बाई दोन हात लांब होती.’’ गाडीवर पुन्हा कव्हर चढलं.

मंडळी पुढच्या रविवारी पुन्हा हजर. काका मला म्हणाले, ‘‘ताई, आम्हाला एवढं सांगा, मेलेला पाय कसा असतो?’’ कोणी दुसऱ्यानं असं विचारलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. मी सांगितलं. गाडी वळली की तो दुसऱ्या बाजूला लोळतो. ब्रेक लागला की पुढे पळतो. त्याला टेकू द्यायला माणूस कमरेतून वाकडा होतो आणि मग सगळं अंगच घसरतं. भैया म्हणाले, आपण आपले पाय बांधून चालवू. मी म्हटलं, ‘‘बांधलेला पाय सरकेल कसा? त्याला सरकता आलं पाहिजे.’’

तेव्हा दीदीची नजर माझ्या परातीवर गेली. कणीक मळायची पितळी परात, सासूबाईंची. मी काही म्हणायच्या आत काकांनी तिच्यात मूठभर ग्रीस फासलं. ती क्लचच्या पॅडलखाली मावेना म्हणून पॅडलच्या अलीकडे तिरकी बसवली. आता डावा पाय परातीत ठेवायचा आणि गाडी चालवायची. पाय कुठेही टेकवायला जागा नाही. ज्यानं पाय आवळला त्याला शेजारी बसलेली दीदी गुडघ्यावर चापट मारणार.

आमच्या यांनाही मैदानावर नेऊन झाडाखाली खुर्ची टाकून बसवलं होतं. आलो हेच उपकार, असा चेहरा. आधी भैया निघाले. पहिल्याच वळणावर ते सीटवरून सरकत दीदीच्या अंगावर गेले आणि गाडी बंद पडली. ‘‘अरे, पकड़ने को कुछ है ही नहीं!’’ ते आतून ओरडले. दीदीचा पाय ब्रेक लावताच पुढे पळाला आणि परातीतून निघून पॅडलखाली गेला, यांचा गेला होता अगदी तसा. मूठ अर्ध्यात अडली, गिअर किरकिरला, गाडी उडाली. शेवटी काका बसले. इतकी वर्षं फॅक्टरीत अवजड गाड्या तपासलेला माणूस. त्यांनी मोठ्या थाटात मूठ दाबली, आणि त्यांचीही गाडी बेडकासारखी उड्या मारत माझ्यापर्यंत आली.

झाडाखालून हसू ऐकू आलं. मी वळून पाहिलं. हे हसत होते, ठसका लागेपर्यंत. मग खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकू लागले. ‘‘वळायच्या आधी मूठ सोडा! काहून घाई करून राहिले? अहो, गिअर असा टाकतात का?’’ काकांची गाडी आणखी एकदा बंद पडली तेव्हा यांनी काठी उचलली. ‘‘उतरा हो. तुम्हाला नाही जमत. मला बसू द्या.’’

हे म्हणताना आपण काय म्हणतोय ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. आमच्या सगळ्यांच्या आलं. काका इतक्या लगबगीनं उतरले की ग्रीसचा पाय जमिनीवर घसरून आपटले. तरी कोणी हसलं नाही.

त्यानंतर काम चुकत-माकत पुढे सरकलं. पॅडल आणि पायाच्या मध्ये काकांनी पत्र्याची आडभिंत उभी केली. टाच रुतून बसेल असा खोलगट खण केला. भैयांनी सीटची डावी कड इतकी जाड भरली की मांडी तिच्यात धरून ठेवल्यासारखी बसायची. प्रत्येक बदल आधी ते तिघे परातीत पाय ठेवून चालवून बघायचे, मग हे. त्यांना गरज नव्हती. त्यांच्या गाड्यांना पायाचा क्लच होता आणि पायात जीव होता. पण जोवर त्यांचं स्वतःचं अंग घसरायचं थांबलं नाही, तोवर त्यांनी यांना नवं काही करून बघायला सांगितलं नाही. मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली आहेत, माझ्यासकट. दुसऱ्याचं दुखणं समजून घ्यायला स्वतःचा पाय असा मुद्दाम निकामी करणारी नाही पाहिली.

आणि मग रंगावरून भांडण झालं. भैयांनी सीटला लाल भडक किनार लावली. हे म्हणाले, ‘‘लग्नाचा बँड आहे का? राखाडी लावा.’’ भैया म्हणाले, ‘‘भाईसाब, गाड़ी की शान है!’’ दोघांची चांगलीच जुंपली. आमटीत मीठ नसताना ‘छान आहे’ म्हणणारा माणूस दोऱ्याच्या रंगासाठी हमरीतुमरीवर आला होता. मी मध्ये पडले नाही. त्या रात्री आमटीत मीठ जास्त झालं आणि यांनी ताट सरकवून दिलं, तेव्हा माझा जीव थंड झाला.

आरटीओत गाडी पास झाली. लायसन्सवर नवी नोंद झाली. यांनी आधी काकांना शेजारी बसवून गाडी चालवली, मग दीदीला, मग मला. मी त्यांच्यासोबत दर रविवारी मैदानापर्यंत येऊ लागले. सारखी त्यांच्या पायाकडे बघायची. ‘‘खणात आहे ना? बघा हं, ट्रक येतोय.’’ ते मान हलवायचे.

एका रविवारी मैदानावर पोहोचलो. मंडळी बॉनेट उघडून उभी होती. यांनी इंजिन बंद केलं नाही. समोर बघत मला म्हणाले, ‘‘तू उतर.’’

‘‘का? काय झालं?’’

‘‘काही नाही. उतर जरा.’’

मी उतरले. दार लावलं. मूठ दाबली गेली, गिअर पडला, त्याचा आवाजही आला नाही. गाडी वळून रस्त्याला लागली आणि मोठ्या झाडांमागे दिसेनाशी झाली.

चहा आला. कोणाचं फजितीत लक्ष लागेना. भैयांनी मोबाइल काढला, मी त्यांच्या हातातून घेतला. दीदी आपल्या जीपमध्ये बसू लागली, ‘‘मैं पीछे-पीछे जाती हूँ, आंटी.’’ ‘‘खबरदार,’’ मी म्हटलं. काका रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मी त्यांच्या शेजारी. वर्षभर हा माणूस घराच्या कोणत्या खोलीत, कोणत्या खुर्चीत आहे, हे मला झोपेतही माहीत असायचं. आता तो कुठे आहे ते माहीत नव्हतं. भीती वाटत होती, आणि खरं सांगते, त्याच भीतीच्या आत कुठेतरी मला फार फार बरं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं गाडी आली. सावकाश, जागेवर, एका दमात उभी राहिली. यांचे केस वाऱ्यानं विस्कटले होते. मी खिडकीशी गेले. जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले आणि ओरडलेच, ‘‘इतका वेळ कुठे गेला होतात?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्न झालं तेव्हा पाहायचे तसं, अगदी उद्धटपणे.

‘‘काहून सांगू?’’

मी घरी जाईस्तोवर त्यांच्याशी भांडले. तेही भांडले, पण ताकास तूर लागू दिली नाही. अजूनही सांगितलेलं नाही. देव करो आणि कधी न सांगोत.